डबल बेल

टॅक्सीत सगळे बसले, पिशव्या मांडीवर आल्या, आजीच्या लुगड्याचा पदर दारात अडकलेला नाही याची खात्री झाली, की माझे आजोबा खिडकीतून हात बाहेर काढून टॅक्सीच्या पत्र्यावर दोनदा वाजवायचे. टक टक. टॅक्सीवाल्याला वाटायचं, काहीतरी राहिलं. तो मागे वळून विचारायचा, "काय झालं?" आजोबा जरासे ओशाळून म्हणायचे, "काय नाय, चला."

निवृत्तीला दहा वर्षं उलटली तरी ही खोड गेली नव्हती. गावाला निघालो, लग्नाला निघालो, कुणाच्या दहाव्याला निघालो, तरी दारात उभं राहून ते आधी विचारणार, "राहिलं का कुणी?" आणि मग चौकटीवर दोन टिचक्या. आमच्या घरात 'निघूया का' असं कुणी म्हणतच नसे. 'डबल मारा' म्हणायचे. मला पुष्कळ वर्षं वाटायचं की सगळ्याच घरांत असंच म्हणतात.

आजोबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. आधी ट्रामवर, मग बसवर. राजापूर तालुक्यातून मुंबईला आले ते गिरणीत लागायला आणि एका गाववाल्याच्या ओळखीने लागले ट्रामवर. साल १९४८. त्याच्या आदल्याच वर्षी, ७ ऑगस्ट १९४७ला, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आठ दिवस आधी, ट्राम-बसचा सगळा कारभार खासगी कंपनीकडून महापालिकेकडे आला होता. आजोबांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'कंपनी'च. कंपनीचा कोट, कंपनीची गाडी, कंपनीने दिलेला बिल्ला. त्या बदलात बेस्ट या नावातलं शेवटचं 'टी' हे अक्षर आतून बदललं, हे मला फार उशिरा कळलं. आधी ते ट्रामवेजचं होतं, मग ट्रान्सपोर्टचं झालं. अक्षर तेच राहिलं, पोटातला शब्द बदलला. ट्राम अजून सतरा वर्षं धावायची होती, पण पाटीवरून ती तेव्हाच उतरली.

घोड्यांची ट्राम आजोबांनी पाहिलेली नव्हती. सांगायचे मात्र पाहिल्यासारखी. जुन्या कामगारांकडून ऐकलेलं, त्यात स्वतःचं थोडं मीठ-मसाला. ९ मे १८७४ला मुंबईत पहिली ट्राम धावली ती घोड्यांनी ओढलेली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. भाडं तीन आणे, जे तेव्हाच्या मानाने थोडंथोडकं नव्हतं. पुढे ते कमी झालं. ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स आणि किट्रेज कंपनीचा ९०० घोड्यांचा तबेला होता म्हणतात. आज कुलाब्याला इलेक्ट्रिक हाऊस आहे तिथे त्यांचं ठाणं. आजोबांना या सगळ्यात एकाच गोष्टीचं कुतूहल होतं. घोड्याला 'चल' कोण म्हणायचं? हाकणारा आपल्या मनाने हाकायचा, की मागचा माणूस सांगायचा? मी कंटाळून म्हणे, "आजोबा, तुम्हाला काय करायचंय?" ते म्हणत, "अगो, तोच तर मुद्दा हाय."

विजेची ट्राम आली ७ मे १९०७ला. फुलांनी सजवलेली पहिली गाडी महापालिकेच्या इमारतीसमोरून निघाली ती क्रॉफर्ड मार्केटकडे. १९२०मध्ये दोन मजली ट्राम आली. बस त्यानंतरची. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, आणि सुरुवातीची काही वर्षं बस म्हणजे जरा वरच्या लोकांची सवारी समजली जाई. गरिबाची ती ट्राम. ही प्रतवारी आजोबांच्या बोलण्यात शिल्लक होती. १९६४नंतर त्यांना बसवर घेतलं तेव्हा चाळीत लोकांनी अभिनंदन केलं म्हणे, जणू काही बढतीच मिळाली. आजोबांना ती बढती वाटली नव्हती. ट्रामचा मोटरमन पुढे उभा राहून पायाने घंटा वाजवत गाडी हाकायचा, आणि शेवटच्या ठिकाणी गाडीला वळायची गरजच नसायची. मोटरमन आपला दांडा काढून दुसऱ्या टोकाला चालत जायचा, कंडक्टर दोरी धरून टपावरचा खांब फिरवून पुन्हा विजेच्या तारेला लावायचा, बाकांच्या पाठी उलट्या फिरवायचा, की शेपटाचं तोंड झालं. "ट्रामला पाठ नव्हतीच," असं ते म्हणायचे. हे वाक्य मला लहानपणी फार मोठं वाटायचं. आताही वाटतं.

ट्राम गेली, तिचं नाव मात्र एका ठिकाणी चिकटून राहिलं. दादर टी. टी. रोज हजारो माणसं हे नाव घेतात. त्या चौकाचं नाव खोदादाद सर्कल, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. माझ्या भाचीची समजूत होती की तिथे टीसी उभा असतो. तिला हसण्यात अर्थ नाही. मुंबईतले थांबे असेच आहेत. धोबीतलावाला तलाव नाही, गोवालिया टँकलाही नाही, काळा घोडा म्हणायचे तो पुतळा १९६५मध्येच राणीच्या बागेत गेला आणि मधली कितीतरी वर्षं त्या जागी नुसतं नाव उभं होतं. कंडक्टर थांब्याचं नाव पुकारतो तेव्हा तो बहुतेक वेळा एखाद्या नसलेल्या वस्तूचंच नाव पुकारत असतो.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली. आजोबांची तेव्हा ड्युटी नव्हती. ते दादरला गर्दीत उभे होते. गाडी माणसांनी फुललेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. त्या रात्रीचं ते फारसं बोलत नसत. दुसऱ्या दिवसाचं मात्र सांगायचे, कारण दुसरा दिवस १ एप्रिल होता. सकाळी चाळीतल्या एका वात्रट माणसाने खालून ओरडून सांगितलं, "मास्तर, ट्राम चालू झाली!" आणि आजोबा तोंडाला फेस तसाच ठेवून गॅलरीत धावत आले. त्या माणसाशी ते पुढे दोन वर्षं बोलले नाहीत.

हो, मास्तर. मुंबईत कंडक्टरला मास्तरच म्हणतात. "मास्तर, एक लालबाग." "मास्तर, म्युझियम आलं की सांगा." शाळेतल्या मास्तरांचा मान पुढे किती उरला ते मी बोलत नाही, पण बसमधल्या मास्तरांचा बराच काळ टिकून होता. चामड्याची पैशांची पिशवी, रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे लावलेली पत्र्याची पेटी आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. गर्दीत वाट काढताना आजोबा तो चिमटा नुसताच वाजवत जायचे, टिक टिक टिक टिक. माणसं आपोआप खिशात हात घालत. सुटे नसले की तिकिटाच्या मागे पेन्सिलीने बाकी लिहून द्यायचे, उतरताना मागून घ्यायची. ती मागायला विसरलेल्या माणसांचे पैसे आजोबांना घरी आल्यावरही आठवत असत. "तो चष्मेवाला चाळीस पैसे विसरला," असं जेवताना मध्येच. दुसऱ्या दिवशी तोच चष्मेवाला त्याच थांब्यावर असायचा म्हणा, त्यामुळे हिशेब चुकता व्हायचा.

पण तिकीट फाडणं हे कंडक्टरचं दुसरं काम. पहिलं काम घंटेचं. बसच्या छताला मागून पुढेपर्यंत दोरी गेलेली असे, तिचं टोक ड्रायव्हरच्या डोक्यापाशी घंटेला. एकदा ओढली तर थांब, दोनदा ओढली तर निघ. बस एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीत काय होतं ते बघा. इंजिन ड्रायव्हरच्या हातात, चाक त्याच्या हातात, ब्रेक त्याच्या पायात, पण गाडी निघायची ती दुसऱ्याच माणसाच्या शब्दावर. जुन्या बसला मागे दरवाजा म्हणून काही नसेच, नुसतं उघडं तोंड आणि एक उभा दांडा. ज्याला गाडी चालवायची त्याला मागचं दिसत नसे, आणि ज्याला मागचं दिसे त्याच्या हातात गाडी नसे. दोघांचं मिळून एक माणूस व्हायचं. १९६७मध्ये ट्रेलरच्या डबलडेकर आल्या, त्यांत तर ड्रायव्हरची केबिन पुढच्या इंजिनासकट संपूर्ण वेगळी, मागे जोडलेला दोन मजली डबा वेगळा. नजरेला नजर भिडायची सोय नाही. मध्ये फक्त घंटा.

साध्या डबलडेकरवर दोन कंडक्टर असत, एक वर, एक खाली. वरच्याला दार दिसत नाही, म्हणून घंटेचा मान खालच्याचा. आजोबा बहुधा खाली असत, कारण जिन्याने वर-खाली करून त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या रविवारी ते मला बरोबर न्यायचे. १२३ नंबर, मरीन ड्राइव्हवरून जाणारी. कपाळावरचा तो मराठी आकडा मला आधीपासून वाचता यायचा. शेजारच्या गुजराती काकू मराठी आकडे बसवरूनच शिकल्या होत्या. वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढची सीट मिळाली की समुद्र आपल्या मालकीचा. पण मी तिकडे फार वेळ बसत नसे. मला दोरीची ओढ होती.

मी आठ वर्षांची असेन. आजोबा पुढच्या बाजूला कुणाला तरी सुटे देत होते, गाडी थांब्यावर उभी होती, आणि मी मागच्या सीटवर चढून दोरी दोनदा ओढली. हुबेहूब आजोबांच्या तालात. गाडी हलली. त्याच क्षणी मागून एक म्हातारे गृहस्थ, बगलेत कापडाचा गठ्ठा, एक पाय पायरीवर आणि एक पाय रस्त्यावर. आजोबांनी दोरी एकदाच अशी ओढली की ती तुटते की काय वाटलं. गाडी कचकन थांबली, वरच्या मजल्यावरचे लोक ओरडले, त्या गृहस्थांनी दांडा धरला आणि ते वर आले. काही झालं नाही. गठ्ठा तेवढा रस्त्यावर पडला, तो एका मुलाने उचलून दिला.

मला वाटलं, आता पाठीत धपाटा. आजोबांनी काही केलं नाही. त्यांनी मला हाताला धरून मागच्या पायरीच्या आत उभं केलं, एका बाजूला, जिथून रस्ता दिसेल तिथे. म्हणाले, "आता कुलाब्यापर्यंत इथेच उभी राहायचं. प्रत्येक स्टॉपला सांगायचं मला, राहिलं का कुणी." बस. तेवढंच.

मग मी सांगत गेले. एक बाई राहिल्यात, त्यांच्या कडेवर मूल आहे. एक काका धावत येतायत, लांब आहेत अजून. दोन मुलं नुसतीच उभी आहेत, चढणार नाहीत. आजोबा माझ्याकडे बघायचेही नाहीत, मी "नाही कुणी" म्हटलं की दोरी ओढायचे. पहिले दोन-तीन थांबे मजा वाटली. मग भीती वाटायला लागली. लांबून धावत येणाऱ्या माणसासाठी किती थांबायचं? आत बसलेली माणसं कुरकुर करत होती, आणि बाहेरचा माणूस हात वर करून पळत होता. मी आजोबांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. ठरव.

मी काय ठरवलं ते आता आठवत नाही. ते बरंच आहे.

कारण घंटेची दुसरी बाजूही आजोबांनीच सांगितली, मी कॉलेजात जायला लागल्यावर. गाडी भरली की थांब्यावर थांबायचंच नाही, डबल मारून पुढे काढायची. पावसात, थांब्यावर पन्नास माणसं भिजत असताना. "त्यांची तोंडं मी बघत नसे," म्हणाले. "समोर बघायचं. एकदा बघितलं की मग दोरी ओढवत नाही." चाळीस वर्षांच्या नोकरीतले सगळे पैसे त्यांच्या हिशेबाला जुळले असतील, पण हा हिशेब काही जुळलेला नव्हता. जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. जुन्या मुंबईतही माणसं मागे राहत होती. फक्त कुणाला मागे ठेवलं, हे एका माणसाला माहीत असायचं, आणि तो ते घेऊन घरी यायचा.

आजोबा १९९८मध्ये गेले. त्यांच्यामागे घरात एक चिमटा राहिला. पितळी, जड. तो खरं तर परत करायचा असतो, त्यामुळे त्याच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

त्यानंतर सात वर्षांनी, २६ जुलै २००५ला, मी कुर्ल्याजवळ एका डबलडेकरमध्ये अख्खी रात्र काढली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे दुसऱ्या दिवशी समजलं. आम्हाला कळत होतं ते जिन्याच्या पायऱ्यांवरून. पाणी पहिल्या पायरीला, मग दुसऱ्या. खालची सगळी माणसं वर आली. वरच्या मजल्यावर सीटच्या दुप्पट माणसं, लहान मुलं मांड्यांवर, एका बाईंकडे सोललेले मटार होते ते सगळ्यांनी कच्चे खाल्ले. कंडक्टर तरुण होता, जेमतेम तिशीचा. तिकिटांची पेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याने छातीशी धरली होती आणि तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होता. रस्त्याने छातीभर पाण्यातून चालत येणाऱ्यांना तो हाका मारायचा, "वर या, वर या!" तिकीट न काढता. आतले एक साहेब म्हणाले, "अहो, जागा कुठाय?" तो म्हणाला, "सरका ना जरा." पहाटे पाणी ओसरायला लागलं तेव्हा गाडी काही चालू होणार नव्हती, आम्ही चालतच निघालो. तो मात्र पेटी धरून तिथेच थांबला. गाडी सोडून जाता येत नाही म्हणाला. मी मागे वळून बघितलं, तर तो सीटखाली वाकून बघत होता, कुणाचं काही राहिलं का.

डिझेलवरची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ला धावली, ४१५ नंबरवर, अंधेरीच्या आगरकर चौकापासून सीप्झपर्यंत. हार, फुगे, मोबाइल वर धरलेली माणसं. त्याआधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, विजेवरची वातानुकूलित डबलडेकर रस्त्यावर आली होती. तिला दोन जिने आहेत, दोन दारं आहेत आणि ती आपोआप बंद होतात. मी मुद्दाम जाऊन बसून आले. छान आहे. घाम येत नाही, खडखडाट नाही, म्हातारी माणसं शांतपणे चढतात. विजेची दोन मजली गाडी म्हटल्यावर १९२०च्या ट्रामचीच आठवण यायला हवी होती, पण आली नाही. काच बंद होती म्हणून असेल. मरीन ड्राइव्हचा समुद्र काचेमागे टीव्हीवर लावल्यासारखा दिसत होता.

मधल्या काळात बेस्टचं बाकीही पुष्कळ काही झालं, त्याचा हिशेब मांडत बसले तर हा लेख दुसरीकडेच जाईल. थोडक्यात सांगते. २०१९च्या जुलैत साध्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, लोक परत आले. २०२५च्या मे महिन्यात ते दुप्पट, दहा रुपये झालं, वातानुकूलितचं बारा. नवा दर लागू झाला तो ९ मेला. घोड्यांची ट्राम सुरू झाली त्याच तारखेला. हे कुणाच्या लक्षात आलं नसणार, आणि आलं तरी हार-फुगे आणण्याजोगं ते नव्हतं. स्वतःच्या मालकीच्या बस घटत घटत काहीशेवर आल्या आणि बऱ्याचशा गाड्या कंत्राटदारांच्या झाल्या. गाडी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा, मार्ग आणि तिकीट बेस्टचं. यातल्या पुष्कळ गाड्यांवर कंडक्टर नाही. विनावाहक सेवा, असा शब्द आहे त्याला. कंडक्टर खाली, थांब्यावर उभा राहून तिकिटं देतो, गाडी एकटी पुढे जाते. किंवा मोबाइलवर तिकीट काढायचं. त्या ॲपचं नाव 'चलो'. मी पहिल्यांदा ते नाव वाचलं तेव्हा हसू आलं. दोन घंटांचा अर्थ दुसरा काय होता?

ॲप उपयोगाचं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. गाडी कुठे पोचली ते नकाशावर सरकताना दिसतं. माझ्या आईने आयुष्यातले जे तास थांब्यावर मान उंचावून काढले ते माझे वाचतात. पण नकाशावर गाडी दिसते तशी गाडीला मी दिसत नाही. मी थांब्यापासून वीस पावलांवर आहे, हातात भाजीची पिशवी आहे आणि गुडघा आजोबांच्याच वळणावर गेलाय, हे बघायला मागे कुणी उभं नाही. ड्रायव्हर आरशात बघतो, बिचारा. समोरचा सिग्नल, डावीकडून घुसणारी दुचाकी, आरसा, दाराचं बटण, सगळं त्याचंच. दोन माणसांचं काम एकाला दिलं की त्यातलं कुठलं तरी काम हळूहळू कुणाचंच राहत नाही.

घंटेचा रिवाज मुंबईत अजून एका ठिकाणी आहे, आपल्याला तो ऐकू येत नाही एवढंच. लोकल गाडी निघते ती मोटरमनच्या मनाने नाही. मागच्या टोकाचा गार्ड फलाटाकडे बघतो आणि घंटा देतो. तिथेही दोन म्हणजे निघ, एक म्हणजे थांब. २०२२पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, काम तेच आहे. पण बारा डब्यांच्या गाडीच्या शेवटी उभं राहून गर्दीच्या वेळी त्या माणसाला काय दिसत असेल? माणसांची भिंत. दारातून फुगून बाहेर आलेली. कोण चढलं, कोण अर्धं चढलं, हे कुणाही माणसाच्या नजरेच्या बाहेरचं आहे. ९ जून २०२५च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली आणि त्यांतली काही घरी परतलीच नाहीत. त्यानंतर लोकलला आपोआप मिटणारी दारं बसवायची घोषणा झाली. यावीत लवकर. दार मिटणाऱ्या गाडीबद्दल माझी कुरकुर बसपुरतीच आहे, लोकलच्या दारात ती शोभणार नाही.

मेट्रोत मी अलीकडे बऱ्याचदा जाते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली. हुतात्मा चौकाच्या खालून जाते ती. काही वर्षांपूर्वी तिथे फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी खणताना ट्रामचे जुने रूळ निघाले होते. डांबराखाली अर्धशतक गप्प पडून होते. भुयारात जाताना मला दर वेळी त्यांची आठवण येते. आता गाडी त्या रुळांच्याही खालून जाते. स्थानक आलं की आवाज सांगतो, दरवाजे कुठल्या बाजूला उघडतील. मग पिंपिंपिं आणि दार बंद. सगळ्यांना सारखा वेळ, धावत येणाऱ्यालाही आणि नुसत्याच उभ्या असलेल्यालाही. न्याय्य आहे. आजोबांना हे पटलं असतं असं मला वाटतं. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, आणि घरी काही घेऊन यायलाही नको.

आणिकच्या आगारात बेस्टचं छोटं संग्रहालय आहे. तिथे जुनी तिकिटं आहेत, तिकिटाच्या पेट्या आहेत, ट्रामच्या आणि बसच्या प्रतिकृती आहेत. मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी भाचीला घेऊन. तिला पेटी आवडली, तिकिटांचे रंग आवडले. मी तिला दोरीचं सांगितलं, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तिने विचारलं, "आणि तीन?" मला माहीत नव्हतं. आजोबांना विचारायचं राहून गेलं.

परवा लालबागहून फोर्टला जायला निघाले. पाऊस नुकता थांबला होता. थांब्यावर खाकी कपड्यातला कंडक्टर उभा, गळ्यात तिकिटाचं यंत्र, पन्नाशीचा, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेला असावा. त्याने मला तिकीट दिलं, माझ्यामागच्या दोघांना दिलं. छोटी वातानुकूलित गाडी आली, आम्ही चढलो, खिडकीची सीट मिळाली. दार उघडंच होतं, ड्रायव्हर आरशात बघत होता. काचेतून मला दिसलं, कंडक्टर रस्त्याकडे वळला, एकदा पुलाच्या बाजूला बघितलं, एकदा मार्केटच्या बाजूला. मार्केटकडून एक बाई येत होत्या, एका हातात छत्री, दुसऱ्यात मोठी पिशवी. त्याने ड्रायव्हरला हात दाखवला. बाई आल्या, त्यांचं तिकीट काढून झालं, त्यांना हाताने वर घेतलं. पुन्हा एकदा दोन्हीकडे बघितलं.

मग त्याने तळहाताने गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

आतून तो आवाज फार मोठा ऐकू आला. शेजारी बसलेल्या मुलाने कानातलं काढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "निघाली."